शाळेतील तीन तास आणि चवदार तळे
(विद्यार्थी दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हा शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळावयास सुरुवात केली. त्यानिमित्ताने संस्थेच्या कार्यकारिणीने मला शाळेतील सामाजिक विषयांवर बोलावयास सांगितले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आपल्या घरोघरी काय चालते ते आपण जाणतो. निकाल लागला की पहिला प्रश्न गणिताचा, दुसरा विज्ञानाचा, तिसरा इंग्रजीचा. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची चौकशी कोणी करीत नाही. नागरिकशास्त्राला आता वरच्या वर्गांत राज्यशास्त्र म्हणतात, पण नाव बदलल्याने त्याचे नशीब बदललेले नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडायचे, कलमांचे क्रमांक घोकायचे, नद्यांची नावे पाठ करायची आणि पेपर देऊन आल्यावर सारे विसरून जायचे, असा शिरस्ता पडला आहे. ज्या विषयांनी आपल्या समाजाला माणूसपणाचा हक्क मिळवून दिला, तेच विषय आपली मुले सर्वांत कमी मनापासून वाचतात, ही मला चिंतेची बाब वाटते.

ही भावनेची भाषा नाही, हे मी एका उदाहरणाने दाखवणार आहे. विद्यार्थी मित्रांनो, शाळेतील एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिला तास भूगोलाचा, दुसरा इतिहासाचा, तिसरा नागरिकशास्त्राचा. या तिन्ही तासांना आपण एकच धडा घेऊ. तो धडा आहे महाडचे चवदार तळे.

पहिला तास भूगोलाचा. रायगड जिल्ह्याचा नकाशा घ्या. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी सह्याद्री उतरून पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. महाडच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्यासाठी सत्याग्रह कशाला करावा लागला, असा प्रश्न ज्याला पडेल त्याला भूगोल कळू लागला असे समजावे.

याचे उत्तर जमिनीच्या उतारात आहे. सह्याद्रीपासून समुद्र फार दूर नाही, उतार तीव्र आहे आणि खाली कठीण कातळ आहे. चार महिन्यांत पडलेले पाणी धावत समुद्राला जाते, मुरते थोडे. ज्या उतारामुळे जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले, त्याच उतारामुळे कोकणातल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठतात. म्हणून अशा गावात बारमाही पाणी धरून ठेवणाऱ्या तळ्याला फार मोल असते. चवदार तळे चार ते पाच एकरांचे. त्यात काही पाणी पावसाचे आणि काही झऱ्यांचे. त्याच्या चारी बाजूंना रस्ते आणि रस्त्यांपलीकडे वस्ती. आता एवढेच लक्षात ठेवा की सत्याग्रह मार्च महिन्यात झाला. पाण्याची किंमत त्या महिन्यात कळू लागते.

भूगोलाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की जगाचा नकाशा शिकवण्यापूर्वी मुलांकडून त्यांच्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढून घ्यावा. विहीर कुठे आहे, नळ कुठवर आला आहे, डांबरी रस्ता कोणत्या घरापाशी संपतो, ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण राहते आणि खालच्या अंगाला कोण राहते, स्मशानभूमी कोणाची कुठे आहे, हे त्या नकाशात यावे. एका कागदावर गावची सारी समाजव्यवस्था उमटेल. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा तास इतिहासाचा. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्यापैकी लहान पोरालाही ठाऊक आहे. पण इतिहास एका तारखेत मावत नसतो. त्या दिवसाच्या आधी काय घडले ते पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कोर्टे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला नवीन हक्क मागितला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कागदावर मिळालेला हक्क त्यांनी बजावला. कागदावर हक्क असणे आणि तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पिणे यांत जे अंतर असते, ते कापण्यासाठी १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली.

पुढचे आपल्याला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठवली गेली आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्यानंतर तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. दिलेला हक्क काढूनही घेतला जातो, हा इतिहासाचा धडा येथे घ्यावा.

त्याच इतिहासात आणखी काही नावे आहेत, तीही मुलांना सांगितली पाहिजेत. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही मंडळी जन्माने सवर्ण, पण सत्याग्रहाच्या बाजूने उभी राहिली. परिषद महाडला व्हावी म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे यांनी जिवापाड खटपट केली. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला. आपला लढा माणसांशी नसून व्यवस्थेशी होता, हे या नावांवरून मुलांना आपोआप कळते. वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

तिसरा तास कायद्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह होणार हे कळताच १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो सत्याग्रही महाडला जमले होते, मन घट्ट करून आले होते. अशा वेळी बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. लोक तळ्याला वेढा घालून मिरवणुकीने फिरले, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. कित्येकांना ते रुचले नसेल. पण कोर्टाचा हुकूम मोडण्यापेक्षा तो हुकूमच कोर्टात खोटा पाडायचा, हा मार्ग त्यांनी निवडला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाई हुकूम उठला आणि मूळ दावा पुढे चालू राहिला.

दाव्यात वादींचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. पहिला मुद्दा, हे तळे सार्वजनिक नसून सवर्णांच्या मालकीचे आहे. दुसरा मुद्दा, अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये अशी अनादि काळापासूनची वहिवाट आहे. विद्यार्थी मित्रांनो, हे दोन्ही मुद्दे नीट पाहा. जमीन कोणाची, तळे नैसर्गिक की बांधलेले, भोवतालचे रस्ते कोणाचे, हा भूगोल झाला. ही वहिवाट केव्हापासूनची, तिचा पुरावा कोणता, हा इतिहास झाला. आणि पुरावा देण्याची जबाबदारी कोणाची, जुन्या वापरातून हक्क निर्माण होतो की नाही, हा कायदा झाला. आपल्या वेळापत्रकातले तिन्ही तास त्या एका खटल्यात आहेत.

महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि एका वर्गाने वापरले व दुसऱ्याने वापरले नाही एवढ्यावरून पहिल्याला हक्क मिळत नाही, असे त्या निकालाचे सार होते. वादी ठाण्याच्या कोर्टात गेले. तेथे ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळले गेले. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी तेथेही त्यांचे अपील फेटाळण्यात आले. निकाल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचा होता. १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच. उच्च न्यायालयाने म्हटले की रूढी अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वीही कोणाला मज्जाव केला जात असेल, असे गृहीत धरता येणार नाही, असाही विचार त्यात आहे. घरे केव्हा बांधली गेली या साध्या भूगोलाने हजारो वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या परंपरेचा दावा कोसळला. ओंजळभर पाण्याचा हा कज्जा नऊ वर्षे आणि तीन महिने चालला.

आता एक गोष्ट काळजीपूर्वक ऐका. हा विजय मोठा होता, पण त्याचा पाया अरुंद होता. अस्पृश्यता अन्यायाची आहे म्हणून ती बेकायदेशीर, असे कोर्टाने म्हटले नाही. ही रूढी सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, या प्रश्नात शिरण्याची कोर्टाला गरजच पडली नाही. रूढी सिद्ध झाली नाही एवढ्यावर निकाल लागला. मग उद्या दुसऱ्या एखाद्या गावात कोणी भक्कम पुरावा आणून जुनी रूढी सिद्ध केली असती तर? तर त्या गावातल्या आपल्या माणसाच्या हाती काय राहिले असते?

या प्रश्नाचे उत्तर भारतीय संविधानात आहे. कलम १३ वाचा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्य ठरतो असे ते सांगते, आणि 'कायदा' या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश करते. कलम १५ चा दुसरा खंड वाचा. शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा सर्वांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणाने कोणावर निर्बंध घालता येणार नाही, असे त्यात आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात तलाव हा शब्द आहे! नंतर कलम १७ वाचा. अस्पृश्यता नष्ट करून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण त्याने निषिद्ध ठरवले. संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. ही तीन कलमे सुटी सुटी पाठ केली तर ते तीन आकडे आहेत. महाडचा खटला समजून घेऊन एकत्र वाचली तर कोणती पळवाट कोणत्या कलमाने बुजवली हे दिसू लागते. रूढी सिद्ध करून हक्क मागण्याचा मार्गच बंद झाला.

पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याचे कलम १२ प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. या कायद्याखालील गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो अस्पृश्यतेच्या कारणावरून घडला असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. पुरावा कोणी द्यायचा हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे यावरून ध्यानात येईल. नंतर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम आला. कायदे पुष्कळ आहेत. ते वाचणारी माणसे थोडी आहेत.

तीन तास संपले की शाळेत मधली सुट्टी होते. ती सुद्धा एक शिकवणीच असते. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानेले राहावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज आपल्या शाळेत नळावर, पोषण आहाराच्या पंगतीत, बाकावर बसवताना, शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचताना काय घडते, ते पाहत चला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. जातीवरून वर्गात टोमणा मारणे म्हणजे मानसिक त्रास नव्हे, असे कोण म्हणेल? हे कलम मुलालाही माहीत हवे आणि त्याच्या आईलाही.

बंधू-भगिनींनो, मी बँकेत लेखनिक आहे. दररोज काउंटरवर माणसे येतात. पदवी घेतलेली मुले साधा अर्ज लिहिताना अडखळतात. एखादा सज्जन गृहस्थ मित्राच्या कर्जाला जामीन राहताना पाच-सहा ठिकाणी सह्या करतो आणि एक ओळही वाचत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे काही ठरले नसेल तर. हे त्याला कळते ते घरी नोटीस आल्यावर. कागदाला भिणारा माणूस शिकलेला असला तरी परावलंबीच राहतो. बाबासाहेबांनी महाडचे पाणी जिंकले ते शेवटी कागद वाचून, नोंदी तपासून, साक्षीपुरावे उलटे-सुलटे करून. आपण त्यांची जयंती वाजतगाजत करतो, ती जरूर करावी. पण कागद वाचण्याची त्यांची सवय आपण किती उचलली, याचाही हिशेब एकदा मांडावा.

आपण बौद्ध आहोत, म्हणून या विषयाला आणखी एक बाजू आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचे मर्म असे की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा मोठा माणूस सांगतो, एवढ्यासाठी ती मान्य करू नये. स्वतः तपासून, ती हिताची आहे हे जाणून मग स्वीकारावी. चवदार तळ्याच्या खटल्यात 'अनादि काळापासूनची वहिवाट' हे शब्द जेव्हा वाचाल, तेव्हा हा उपदेश आठवा.

आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण आठवा. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी वाहत होती. तिचे पाणी शेतीला कोणी आधी घ्यायचे यावरून तंटा झाला. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. बहुमताने ती सूचना फेटाळली गेली. मग संघाचा नियम मोडण्याऐवजी त्याने स्वतः परिव्रज्या पत्करली. नदी, पाणी, सभा, ठराव, मतदान आणि लवादाची सूचना, हे सारे तेथे आहे. भूगोल, इतिहास आणि कायदा यांची सांगड त्या कथेत बाबासाहेबांनी आपल्यासाठी घालून ठेवली आहे. महाडला मनाई हुकूम मानून सत्याग्रह थांबवणारे बाबासाहेब आणि संघाचा नियम मानणारा सिद्धार्थ यांच्यातील साम्य मला फार बोलके वाटते.

आता कृतीचे बोलतो. संस्थेने विहाराच्या वाचनालयात संविधानाची मराठी प्रत, आपल्या तालुक्याचा मोठा नकाशा आणि जिल्ह्याचे गॅझेटियर ठेवावे. दर महिन्याच्या एका रविवारी एकच कलम घ्यावे, ते मोठ्याने वाचावे आणि त्याचा आपल्या वस्तीतील एखाद्या प्रश्नाशी संबंध जोडावा. आठवी ते दहावीच्या मुलांनी वस्तीचा नकाशा काढावा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुनी हकीकत लिहून घ्यावी, तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह. बंद पडलेल्या नळाबद्दल एक अर्ज मुलांनीच लिहावा, त्याची नक्कल ठेवावी, कार्यालयाचा शिक्का मारलेली पोहोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. त्या अर्जात जागा नकाशाने सांगितली जाईल, पाणी केव्हापासून बंद आहे हे नोंदीने सांगितले जाईल आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची हे नियमाने सांगितले जाईल. तिन्ही विषयांची तोंडी परीक्षा तेथेच होईल, आणि पाणी आले तर निकालही लागेल.

पालकांनो, मुलाने गणितात चांगले गुण मिळवावेत, डॉक्टर-इंजिनियर व्हावे, ही इच्छा योग्यच आहे. पण डॉक्टर झालेल्या मुलालाही घर भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते. त्या वेळी त्याच्या मदतीला त्रिकोणाचे प्रमेय येणार नाही. आपण कोण, येथवर कसे आलो आणि आपला हक्क कोणत्या कागदावर लिहिला आहे, हे त्याला माहीत असेल तर तो खाली मान घालून परत फिरणार नाही. ते त्याला शाळेतल्या याच तीन तासांत शिकता येते, आणि त्याची फी वेगळी भरावी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या शाळेत भूगोलाचे पुस्तक उघडाल तेव्हा इतिहासाचे आणि नागरिकशास्त्राचे पुस्तकही जवळ ठेवा, एवढीच विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!